वेबसाइटवर वेळ साडेपाच तास मागे का दिसते? सर्व्हर, ब्राउझर आणि टाइमझोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दादरला बसून छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतो, डबेवाल्या काकूंपासून ते ट्रॅव्हल्सवाल्यांपर्यंत सगळे, आणि गेली कित्येक वर्षं नवीन मुलांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर वेळेबद्दलचे तेच तेच प्रश्न येतात. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. वाचताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा, की इथे घड्याळ कोणाचं? सर्व्हरचं, बघणाऱ्याचं, की ज्या गावात ती गोष्ट घडतेय त्या गावाचं? बहुतेक घोळ हे ठरवलेलं नसतं म्हणून होतात, कोड चुकतो ते नंतर.

सर्व्हर मुद्दाम मुंबईतला घेतलाय, तरी वेळ साडेपाच तास मागे का येते?

कारण मशीन कुठे ठेवलंय आणि त्याचं घड्याळ कशावर लावलंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लाउडवर नवीन मशीन घेतलं की ते बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेवर, असतं, मग ते मुंबईत असो नाहीतर आयर्लंडमध्ये. आपण यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. म्हणून दुपारी ३ वाजता ऑर्डर आली की पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेचं डेट फंक्शन साडेनऊ छापतं. पीएचपीमध्ये टाइमझोन सेट केलेला नसेल तर ते स्वतःहून यूटीसीच धरतं. तेव्हा काहीही बिघडलेलं नाहीये, क्षण बरोबर नोंदलेला आहे, फक्त तो वाचून दाखवताना कुणाच्या घड्याळात वाचायचा हे तुम्ही सांगितलेलं नाही.

मग सर्व्हरचंच घड्याळ आयएसटीवर, म्हणजे भारतीय वेळेवर, लावून टाकलं तर? पाच मिनिटांचं काम आहे.

सगळ्यांच्या मनात हेच येतं आणि सुरुवातीला चालतंही, म्हणून तर सवय लागते. पण अडचण अशी की एका सर्व्हरमध्ये एक घड्याळ नसतं. ऑपरेटिंग सिस्टीमचा टाइमझोन वेगळा, पीएचपीचा वेगळा, डेटाबेसच्या कनेक्शनचा वेगळा, आणि डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवायचं साधन) वापरत असाल तर बाहेरच्या मशीनवर आयएसटी लावलं तरी कंटेनरच्या आत बहुतेक यूटीसीच राहतो. तुम्ही एक बदलता, तीन तसेच राहतात. सहा महिन्यांनी साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवली की तिथे परत यूटीसी, आणि मग अर्ध्या नोंदी आयएसटीत, अर्ध्या यूटीसीत, आणि कुठली कशात हे ओळखायला काही खूण नाही. असा डेटा साफ करत मी एक अख्खा शनिवार-रविवार घालवलाय, जुन्या पावत्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो बघून वेळा जुळवत. माझं स्पष्ट मत आहे, सर्व्हर यूटीसीवरच राहू दे, त्याला हात लावू नका, आणि आयएसटी फक्त दाखवताना आणि हिशोब करताना नाव घेऊन लावा.

आणखी एक. आपल्या देशात घड्याळ पुढे-मागे करायची भानगड नाही, वर्षभर +५:३० म्हणजे +५:३०. त्यामुळे आपल्याकडे चुकीचा कोडसुद्धा वर्षानुवर्षं बरोबर उत्तर देतो, आणि पहिला परदेशी ग्राहक आला की एकदम उघडा पडतो.

सर्व्हर-साइड आणि क्लायंट-साइड स्क्रिप्टमध्ये वेळेच्या बाबतीत नेमका फरक काय?

पीएचपी, पायथन, नोड हे सर्व्हरवर चालतात. तिथे वेळ छापली की ती नुसती अक्षरं होऊन पेजमध्ये जाते, मग ते पेज सातारला उघडा नाहीतर सिडनीला, तेच दिसणार. ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट मात्र बघणाऱ्याच्या फोनवर चालतं, त्यामुळे त्याला त्या फोनचा टाइमझोन माहीत असतो.

आता खरी मेख अशी की ब्राउझर सर्व्हरकडे पेज मागतो तेव्हा त्या रिक्वेस्टमध्ये भाषा कुठली हवी ते जातं, ब्राउझर कुठला ते जातं, पण टाइमझोन जात नाही. त्यासाठी कुठला ठरलेला हेडरच, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणारा माहितीचा रकानाच, नाही. म्हणजे पहिल्यांदा आलेल्या माणसाची स्थानिक वेळ सर्व्हरला कळायला सरळ मार्गच नाही. मग दोनच रस्ते उरतात. सर्व्हरने यूटीसीतला क्षण पाठवायचा आणि जावास्क्रिप्टने तिकडे तो स्थानिक करून दाखवायचा. नाहीतर जावास्क्रिप्टने एकदा टाइमझोनचं नाव काढून कुकीत ठेवायचं किंवा प्रोफाइलमध्ये सेव्ह करायचं, म्हणजे पुढच्या वेळेपासून सर्व्हरला कळेल. लॉगिन असेल तर मी प्रोफाइलमध्येच ठेवतो आणि माणसाला ते बदलायची सोय देतो, कारण पुण्याहून दुबईला चार दिवसांसाठी गेलेल्या माणसाला त्याचे हिशोब अजूनही पुण्याच्याच वेळेत हवे असू शकतात.

रात्री बारानंतरच्या ऑर्डर कालच्या यादीत जातात. सकाळी मात्र सगळं बरोबर असतं. हे काय?

हा आपल्याकडचा सगळ्यात खास बग आहे आणि याच्यावर मी थोडा वेळ घेणार.

परळच्या एका काकूंसाठी मी डब्याची ऑर्डर घेणारी साइट केली होती. पहाटे चार वाजता त्या ‘आजच्या ऑर्डर’ असं पान उघडायच्या आणि त्यावरून पोळ्यांची कणीक किती मळायची ते ठरवायच्या. महिनाभर सगळं सुरळीत. मग रात्रपाळीवरून घरी येणाऱ्या मुलांनी मध्यरात्रीनंतर ऑर्डर टाकायला सुरुवात केली, आणि एका दिवशी दुपारी काकूंचा फोन, की चार जणांना डबाच गेला नाही, आणि ते म्हणतायत आम्ही ऑर्डर दिली होती. मी बघितलं तर ऑर्डर होत्या की! फक्त कालच्या तारखेखाली.

झालं असं, की ऑर्डर सेव्ह करताना मी मायएसक्यूएल या डेटाबेसला ‘आजची तारीख’ विचारून ती वेगळ्या कॉलममध्ये टाकत होतो. डेटाबेस यूटीसीवर. मुंबईत रात्रीचे १२ वाजले की यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६:३० झालेले असतात, आणि आपल्या पहाटेच्या साडेपाचपर्यंत तिकडे कालचाच दिवस चालू असतो. म्हणजे रोज साडेपाच तास सर्व्हरची ‘आज’ आणि आपली ‘आज’ वेगळी. ऑफिसच्या वेळेत बसून टेस्ट करणाऱ्याला हा बग कधीच सापडत नाही, कारण सकाळी साडेपाच ते रात्री बारा दोन्ही तारखा जुळतात. आणि काकू यादी उघडायच्या ती नेमकी न जुळणाऱ्या तासांत, पण त्यांच्या पानावरची ‘आज’ मी पीएचपीत आयएसटीने काढत होतो, म्हणून यादी दिसायला बरोबर, तारीखही बरोबर, फक्त त्यातून चार नावं गायब.

उपाय साधा आहे. तारीख वेगळी साठवायची नाही, क्षण यूटीसीत साठवायचा, आणि ‘आज’ म्हणजे काय ते मुंबईच्या टाइमझोनमध्ये काढून त्याच्या दोन टोकांचं यूटीसी करायचं. उदाहरणार्थ मुंबईचा १५ तारखेचा दिवस म्हणजे यूटीसीत १४ च्या १८:३० पासून १५ च्या १८:३० पर्यंत. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारताना, सुरुवातीचं टोक धरायचं आणि शेवटचं वगळायचं, म्हणजे ‘यापेक्षा मोठं किंवा बरोबर’ आणि ‘यापेक्षा लहान’. २३:५९:५९ पर्यंत असं लिहू नका, शेवटच्या सेकंदातली एखादी नोंद कधीतरी निसटतेच. आणि कॉलमवर फंक्शन लावून तारीख काढत बसू नका, नाहीतर इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) वापरला जात नाही आणि नोंदी वाढल्या की पान रांगायला लागतं.

जाता जाता एक गोष्ट, जी ग्राहकाला आधीच विचारायची असते. त्याचा दिवस बाराला संपतो का? रात्री दीडला शटर ओढणाऱ्या हॉटेलवाल्याच्या दृष्टीने सव्वाबाराचं बिल आजच्याच गल्ल्यातलं असतं. शेवटची कर्जत लोकल बारा वाजून गेल्यावर सुटते, कॅलेंडरप्रमाणे ती उद्याची, पण फलाटावर धावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती आजचीच. धंद्याचा दिवस कुठे संपतो हे कुठलीही लायब्ररी सांगू शकत नाही, ते गल्ल्यावर बसणाऱ्यालाच विचारावं लागतं.

कॅलेंडरमधून १५ ऑगस्ट निवडली, सेव्ह झाली १४ ऑगस्ट. असं कसं?

जावास्क्रिप्टमध्ये कॅलेंडरवाल्या बऱ्याचशा विजेट तुम्हाला डेट ऑब्जेक्ट देतात, ज्यात १५ ऑगस्ट, रात्रीचे ००:००, तुमच्या ब्राउझरच्या वेळेत, असं असतं. मग तुम्ही सर्व्हरला पाठवण्यासाठी त्याच्यावर ‘टूआयएसओस्ट्रिंग’ लावता. ते फंक्शन नेहमी यूटीसीतच लिहितं, म्हणजे १४ ऑगस्ट १८:३०, शेवटी यूटीसीची खूण म्हणून झेड. आणि मग सर्व्हरवर कुणीतरी पहिली दहा अक्षरं कापून घेतो आणि झाली १४ ऑगस्ट. यूटीसीच्या पुढे असलेल्या सगळ्या देशांत हे होतं, अमेरिकेत बसून लिहिणाऱ्याला हा बग दिसतच नाही, म्हणून इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये तो सर्रास सापडतो.

सुट्टीची तारीख, जन्मतारीख, लग्नाची तारीख हे ‘क्षण’ नाहीतच मुळी. त्या नुसत्या तारखा आहेत, त्यांना टाइमझोन लावायचाच नाही. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे काढून साधी स्ट्रिंग बनवा आणि तीच पाठवा. महिना काढताना एक मिळवायला विसरू नका, जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी शून्यापासून सुरू होतो. डेटाबेसमध्येही कॉलम नुसत्या तारखेचा ठेवा.

उलटं होतंय. मुंबईत जन्मतारीख बरोबर दिसते, न्यू जर्सीतल्या बहिणीला एक दिवस आधीची.

वरच्याच दुखण्याची दुसरी बाजू. जावास्क्रिप्टच्या डेटला तुम्ही ‘२०१९-०६-१०’ अशी नुसती तारीख दिली की तो ती यूटीसीमधली मध्यरात्र धरतो. पण त्याच तारखेला वेळ जोडली, म्हणजे मधे टी टाकून ००:०० लिहिलं आणि पुढे झोन लिहिला नाही, तर तो ती स्थानिक मध्यरात्र धरतो. एकाच फंक्शनचे दोन नियम, आणि हे दोन्ही आता भाषेच्या नियमपुस्तकातच तसे आहेत, त्यामुळे बदलणार नाहीत.

यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे सकाळचे साडेपाच, तारीख तीच, म्हणून मुंबईत सगळं ठीक. न्यू जर्सीत जूनमध्ये मात्र ते आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ. मुलाचा वाढदिवस १० चा, पान म्हणतं ९. बहिणीने स्क्रीनशॉट पाठवेपर्यंत इथल्या कुणालाही कळत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स म्हणून टॅब आहे, तिथे दुसरं शहर निवडलं की ब्राउझर त्या शहराच्या वेळेत चालतो, घरबसल्या हे तपासता येतं.

डेटाबेसमध्ये कुठला कॉलम घ्यायचा?

मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प आणि डेटटाइम हे दोन सारखे वाटतात पण नाहीत. टाइमस्टॅम्प साठवताना कनेक्शनच्या टाइमझोनमधून यूटीसीत बदलतो आणि वाचताना परत उलटा बदलतो. डेटटाइम काहीच करत नाही, जे दिलं ते तसंच. त्यामुळे कुणी मधेच कनेक्शनचा टाइमझोन बदलला तर एकाच टेबलमधल्या दोन कॉलमपैकी एक हलतो आणि एक जागेवर राहतो, आणि बघणारा चक्रावतो. शिवाय टाइमस्टॅम्पची धाव १९ जानेवारी २०३८ पर्यंतच, आपल्या वेळेने सकाळी ८:४४:०७. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते मांडणाऱ्या साइटसाठी ही तारीख लांब नाही, आजच अडते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ‘विथ टाइमझोन’वाला प्रकार घ्या, पण नावावर जाऊ नका, तो टाइमझोन साठवत नाही, फक्त यूटीसीतला क्षण साठवतो.

मायएसक्यूएलचं वेळ बदलणारं फंक्शन झोनचं नाव दिल्यावर नल, म्हणजे रिकामं उत्तर, देत असेल तर घाबरू नका, टाइमझोनची टेबलं लोड केलेली नाहीत एवढंच.

सगळं यूटीसीत ठेवलं की सुटलो ना?

झालेल्या गोष्टींसाठी हो. ऑर्डर आली, पैसे भरले, लॉगिन केलं, हे सगळं यूटीसीत. पुढे व्हायच्या गोष्टींसाठी नाही, आणि हे मात्र चांगल्या अनुभवी लोकांनाही पटायला वेळ लागतो.

समजा लंडनच्या एका ग्राहकाबरोबर दर सोमवारी त्यांच्या सकाळी १० ला मीटिंग आहे. जानेवारीत ती मुंबईत दुपारी साडेतीनला येते. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे जातं, मग तीच मीटिंग आपल्याकडे अडीचला. तुम्ही पहिली मीटिंग यूटीसीत बदलून तोच आकडा दर आठवड्याला पुढे नेला, तर एप्रिलपासून सगळे एक तास चुकणार. शिवाय सरकारं नियमच बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात हा घड्याळबदल बंद केला, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केला. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला. म्हणून पुढच्या भेटीसाठी स्थानिक वेळ जशी ठरली तशी आणि सोबत झोनचं नाव, ‘सकाळी १०, युरोप/लंडन’, असं साठवा, आणि यूटीसी त्यावरून काढा, लागल्यास परत काढा. लोकांनी कबूल केलेलं असतं ते भिंतीवरच्या घड्याळातलं १०, यूटीसी नाही.

झोनच्या नावाऐवजी +५:३० साठवलं तर काय बिघडतं?

भारतापुरतं काही बिघडत नाही. बाकी जगात बिघडतं, कारण न्यूयॉर्क कधी -५ असतं कधी -४, आणि नुसत्या -४ वरून तुम्हाला ते न्यूयॉर्क आहे की वर्षभर -४ वर असणारं दुसरं कुठलं गाव आहे ते कळत नाही.

जावास्क्रिप्टमधलं ‘गेटटाइमझोनऑफसेट’ वापरत असाल तर त्याचं चिन्ह उलटं आहे हे लिहून चिकटवून ठेवा. भारतात ते -३३० देतं, मिनिटांत. कारण ते ‘यूटीसी गाठायला स्थानिक वेळेत किती मिळवायचं’ असं मोजतं. अधिक समजून मिळवलंत तर बरोब्बर ११ तासांचा फरक दिसेल, आणि कुठेही ११ तासांची तफावत दिसली की मी आधी हेच बघतो. झोनचं नाव हवं असेल तर ब्राउझरमधल्या ‘इंटल’ या तयार सोयीतून मिळतं. फक्त काही ब्राउझर अजूनही ‘आशिया/कलकत्ता’ असं जुनं नाव देतात आणि काही ‘आशिया/कोलकाता’. दोन्ही एकच आहेत, पण तुमच्या ड्रॉपडाउनमध्ये नवीन नाव असेल आणि कोड अक्षर अन् अक्षर जुळवत असेल तर यादी पहिल्या ओळीवर अडकून बसते.

आणि ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, पूर्ण तासांचाच असतो असं धरून लिहिलेले फॉर्म बघितलेत, ज्यात +५ आहे, +६ आहे, मधलं काहीच नाही. दीड अब्ज माणसांच्या आसपासचा देश अर्ध्या तासावर चालतो. नेपाळ तर +५:४५ वर आहे.

‘आशिया/मुंबई’ असा टाइमझोन का नाही?

हा प्रश्न मुलं हळूच विचारतात, पण चांगला प्रश्न आहे. जगभरचे सगळे प्रोग्राम ज्या टाइमझोन डेटाबेसवर चालतात त्यात १९७० पासून ज्या प्रदेशांचं घड्याळ सारखं चालत आलंय त्यांना मिळून एकच नाव देतात, एका शहराचं. भारताला कोलकाता मिळालं. त्यात मुंबईचा अपमान वगैरे काही नाही.

पण मुंबईचा स्वतःचा टाइमझोन होता, आणि तो आपल्या आजोबांच्या आठवणीतला आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशभर एक वेळ ठरली, ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, तीच आजची +५:३०. मुंबईने मात्र आपली बॉम्बे टाइम सोडली नाही, ती होती +४:५१, म्हणजे ३९ मिनिटं मागे, इथल्या सूर्याप्रमाणे. शहराच्या व्यवहारात ती थेट १९५५ पर्यंत टिकली. एकाच शहरात रेल्वेचं घड्याळ एक सांगतंय आणि महापालिकेचं दुसरं, आणि लोक भेट ठरवताना ‘कुठली वेळ?’ असं विचारतायत. मला हे नेहमी आठवतं, कारण आज आपण कोडमध्ये नेमका हाच प्रश्न विचारायला विसरतो.

टाइमझोन डेटाबेसमध्ये बॉम्बे टाइम नाहीये. पण दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट आहे, तेव्हा भारताचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे +६:३० वर होतं, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ सलग. म्हणून १९४३ मध्ये जन्मलेल्या आजीची जन्मवेळ तुम्ही क्षण म्हणून साठवून नंतर साधे साडेपाच तास मिळवून दाखवलीत तर एक तास चुकते. पत्रिकेची साइट करणाऱ्या मित्राने हे ऐकल्यावर आधी विश्वासच ठेवला नव्हता, मग डेटाबेस उघडून दाखवला.

वेळेपुढे नुसतं ‘आयएसटी’ लिहिलं तर चालेल ना?

माणसांसाठी चालेल, मशीनसाठी नाही. इस्रायलची वेळ पण आयएसटी, आयर्लंडची उन्हाळी वेळ पण आयएसटी. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्रायल, +२. साडेतीन तासांची तफावत दिसली की समजायचं.

लोकांच्या फोनचं घड्याळच चुकीचं असेल तर?

असतं. गेममध्ये जास्तीचा लाइफ मिळावा म्हणून फोनची तारीख पुढे करून ठेवणारी पोरं मी बघितलीत. म्हणून फॉर्म ५ ला बंद करायचा, ऑफर १२ ला संपवायची, हे कधीही ब्राउझरवर सोपवू नका, तो निर्णय सर्व्हरच्याच घड्याळाने. उलटी गणती दाखवायची असेल तर पेज येतानाच सर्व्हरची आत्ताची वेळ पाठवा, फोनच्या वेळेशी किती फरक आहे तो एकदा काढून ठेवा आणि प्रत्येक टिकटिकीला तो लावा. दर सेकंदाला एक वजा करत बसू नका, टॅब मागे गेला की ब्राउझर टायमर हळू करतो आणि तुमची गणती मागे पडते. गणेशोत्सवात गावी जायच्या गाड्यांचं बुकिंग उघडायची वाट बघत बसलेल्या माणसाला तो अर्धा मिनिट फार महाग पडतो.

आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, टाइमझोन ओळखू का?

नको. व्हीपीएन (दुसऱ्याच ठिकाणाहून नेट वापरल्यासारखं दाखवणारी सोय) असतो, मोठ्या कंपन्यांचं नेटवर्क कुठल्याकुठे बाहेर पडतं. ब्राउझर खरं नाव सांगतोय तर अंदाज कशाला?

पेज उघडताना आधी एक वेळ दिसते आणि डोळ्यादेखत दुसरी होते.

सर्व्हरने यूटीसीत छापलं, मग जावास्क्रिप्टने स्थानिक केलं, म्हणून. रिअ‍ॅक्टसारख्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तर दोन्हीकडचा मजकूर जुळत नाही म्हणून कन्सोलमध्ये लाल इशारे पण येतात. मी एचटीएमएलचा टाइम टॅग वापरतो, त्याच्या डेटटाइममध्ये यूटीसीचा क्षण, आणि आत वाचायला ‘दुपारी ३:००, भारतीय वेळ’ असा सर्व्हरनेच मुंबईच्या झोनमध्ये करून दिलेला मजकूर. बघणारा भारतातच असेल तर बदलायची गरजच पडत नाही, काही उडत नाही. बाहेरचा असेल तरच जावास्क्रिप्ट बदलतं. ज्याच्याकडे नेट रडतंय आणि स्क्रिप्ट लोडच झाली नाही, त्यालाही बरोबर आणि पूर्ण माहिती दिसते. आणि काही गोष्टी स्थानिक करायच्याच नसतात. शिवाजी मंदिरच्या नाटकाचा प्रयोग दुपारी साडेतीनचा, तो न्यूयॉर्कहून आईबाबांसाठी तिकीट काढणाऱ्या मुलालाही साडेतीनचाच दिसायला हवा.

यूआरएलमधून +०५:३० पाठवलं, सर्व्हरला वेळ वाचताच येत नाही.

क्वेरी स्ट्रिंगमधलं अधिक चिन्ह तिकडे स्पेस होतं. एन्कोड करून पाठवा किंवा झेडवाली यूटीसी वेळ पाठवा.

क्रॉन सकाळी ९ ला चालायला हवा, दुपारी अडीचला चालतो.

क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप करणारी सोय, सर्व्हरच्या वेळेने चालतो, तुम्ही ९ लिहिलंत, त्याने यूटीसीचे ९ धरले. ३:३० लिहा आणि शेजारी कॉमेंटमध्ये मुंबईची वेळ लिहा, पुढच्या माणसासाठी. महिन्याच्या १ तारखेला रात्री १२ ला सोसायटीची मेंटेनन्सची बिलं काढायची असतील तर मात्र जरा अवघड, कारण ती वेळ यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी १८:३० ला येते, आणि शेवटचा दिवस कधी ३०, कधी ३१, कधी २८. साध्या क्रॉनला ‘शेवटचा दिवस’ लिहिता येत नाही. मी जॉब रोज १८:३० ला चालवतो आणि कोडमध्ये मुंबईची तारीख १ आहे का बघतो, नसेल तर गुपचूप बाहेर.

लायब्ररी कुठली वापरू?

जुन्या प्रोजेक्टमध्ये मोमेंट असेल तर राहू दे, पण नव्यात घेऊ नका, ती बनवणाऱ्यांनीच २०२० मध्ये सांगितलंय की आता नवीन काही होणार नाही. लक्सॉन किंवा डेजेएस चांगल्या आहेत. नुसतं दाखवायचं असेल तर ब्राउझरचं स्वतःचं फॉरमॅटिंग पुरतं, त्याला झोनचं नाव आणि मराठी भाषा दिली की महिनेही मराठीत येतात. टेंपोरल नावाची नवी सोय जावास्क्रिप्टमध्येच येतेय आणि मला तिच्याबद्दल फार आनंद आहे, कारण तिच्यात क्षण, नुसती तारीख, आणि झोनसकट वेळ हे तीन वेगळे प्रकार आहेत. एकच डेट ऑब्जेक्ट सगळीकडे कोंबायचा प्रकार संपेल.

टेस्ट कसं करायचं?

मी प्रत्येक साइट तीन झोनमध्ये चालवून बघतो. मुंबई, न्यूयॉर्क, आणि किरितिमाती, हे प्रशांत महासागरातलं बेट आहे, +१४ वर, जगात तारीख सगळ्यात आधी तिथे बदलते. नोडमध्ये टीझेड नावाचं व्हेरिएबल बदललं की काम होतं. आणि टेस्टमधलं घड्याळ मुद्दाम रात्री १२:१० वर लावा, मुंबईच्या. महिन्याच्या १ तारखेला १२:१० असेल तर अजून बरं, आणि १ एप्रिल असेल तर आर्थिक वर्षही बदलतं, पावती क्रमांक नव्याने सुरू होतात, तेही त्याच फटक्यात तपासून होतं. परळच्या काकूंच्या साइटवर हीच टेस्ट आता पहिली चालते, ऑर्डर १२:१० ची आणि पहाटे चारच्या यादीत नाव आलं का एवढंच बघते.